डिकीत पाणी येतंय? सिलिकॉन चोपडण्याआधी पाणी शिरतंय कुठून ते शोधा

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस उघडीप मिळत नाही. दारात उभी असलेली गाडी भिजत राहते, वाळायला तिला वेळच नसतो. अशा दिवसांत जुन्या गाडीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. डिकी उघडली की कुबट वास, खालची चटई ओली, आणि स्टेपनी उचलली की खळग्यात तांब्याभर पाणी.

मग पुढचं पाऊलही ठरलेलं. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची एक नळी आणायची आणि दरवाजाच्या रबराला सगळीकडून चोपडून टाकायची. दोन पाऊस बरे जातात, तिसऱ्याला पाणी पुन्हा हजर. याचं कारण साधं आहे. डिकीत पाणी जिथं दिसतं, तिथून ते बहुतेक वेळा आत आलेलंच नसतं. छताच्या सांध्यातून शिरलेला थेंब आतल्या पत्र्यावरून, प्लॅस्टिकच्या कव्हरमागून ओघळत खाली येतो आणि सगळ्यात खोल जागा म्हणून स्टेपनीच्या खळग्यात साठतो. वर भोक आणि खाली सिलिकॉन, असा तो कारभार होतो.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. तरी या गाड्या अजून बाजाराला जातात, दूध घालायला जातात, शेतावर खतं-बियाणं नेतात. त्यांच्याबरोबरीनं जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका. मागं वर उघडणारा दरवाजा असलेली कोणतीही गाडी दहा-बारा वर्षांची झाली की पाण्याचा हा प्रश्न येतोच. दुरुस्ती बहुतेक वेळा घरच्या घरी होण्यासारखी असते. अवघड असतं ते शोधणं.

नुसत्या ओल्या चटईचा प्रश्न नाही

थोडं पाणी आलं तर काय बिघडलं, उन्हाळ्यात वाळेल, असं म्हणून बरेच जण सोडून देतात. पण चटईखाली जाड नमदा असतो. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि वरून चटई कोरडी दिसली तरी खालचा पत्रा महिनोन्‌महिने ओलाच राहतो. पत्रा आतून सडायला लागतो आणि ते दिसत नाही, कारण ते झाकलेलं असतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पत्र्याला भोकं पडलेली गाडी तिथं न्यायची म्हणजे आधी पत्र्याचं काम काढायचं, आणि ते काम रबराच्या खर्चापेक्षा कितीतरी महाग पडतं.

दुसरी गोष्ट वायरिंगची. नंबरप्लेटचा दिवा, मागचा वायपर, ब्रेकलाइट यांच्या वायरी याच भागातून जातात. पाणी पोचलं की जोडांवर हिरवट गंज चढतो. कधी लाइट लागतो, कधी नाही, कधी फ्यूजच उडतो. ब्रेकलाइट बंद पडलेली गाडी धुक्यात घाटातून चालवणं म्हणजे मागून ठोकर मागून घेणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. ज्या फटीतून पाणी आत येतं, त्याच फटीतून धूर आत येतो. गाडी पळत असताना तिच्या मागं हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर मागच्या बाजूला घुटमळतो. मागचा दरवाजा नीट बसत नसेल तर तो धूर आत ओढला जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं प्रवासानं दमलो. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात तेव्हा त्यांच्याकडं कुणाचं लक्षही नसतं. ठिबकच्या नळ्या किंवा वैरण भरून डिकी अर्धी उघडी ठेवून गाडी पळवणं याच कारणानं धोक्याचं आहे. नाइलाजच असेल तर पुढच्या काचा खाली घ्याव्यात आणि ब्लोअर बाहेरची हवा आत घेईल असा चालू ठेवावा.

म्हणून पाऊस नसतानाही एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं जाऊन आल्यावर डिकीत धूळ साचते का, आणि कुठं साचते? रबराच्या एखाद्या कोपऱ्यापासून आत धुळीचा पट्टा आलेला असेल तर पावसाळ्यात पाणी तिथूनच येणार असं धरायला हरकत नाही. मे महिन्यातली धूळ जूनमधल्या पाण्याचा पत्ता आधीच सांगून ठेवते.

पाणी अडतं कसं

एक गैरसमज आधी काढला पाहिजे. दरवाजा आणि छत यांच्यामधल्या फटीतून पाणी आत येऊच नये, अशी रचना मुळात नसते. ते येणार हे गाडी बनवतानाच धरलेलं असतं. त्यासाठी चौकटीला वरून आणि दोन्ही बाजूंनी एक पन्हळ काढलेली असते. छतावरचं पाणी या पन्हळीत उतरतं, बाजूनं खाली येतं आणि बंपरवरून बाहेर पडतं. रबर असतं ते पन्हळीच्या आतल्या कडेला. त्याचं काम पन्हळीतून उडालेलं पाणी अडवायचं, अख्ख्या छताचं पाणी पेलायचं नाही.

आता गाडी रोज झाडाखाली उभी असेल तर काय होतं ते बघा. कडुलिंबाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, चिखल हे सगळं पन्हळीत जाऊन बसतं. पाण्याची वाट अडते, पन्हळ तुंबते आणि पाणी रबरावरून आत सांडतं. रबर चांगलं असलं तरी सांडतं. अशा वेळी जुना दात घासायचा ब्रश, बादलीभर पाणी आणि पंधरा मिनिटं एवढंच औषध लागतं. कुठलाही खर्च करण्याआधी हे करून बघावं.

रबर, ज्याला गॅरेजमध्ये बिडिंग म्हणतात, ते आतून पोकळ नळीसारखं असतं. दरवाजा लावला की ही नळी दबते आणि फट बंद होते. तिच्या बुडाला पत्र्याच्या कडेवर बसणारा चिमटा असतो, त्यात पातळ धातूची पट्टी असते. वर्षानुवर्षं दबून ही नळी चपटी होते, उन्हानं कडक होते, कोपऱ्यांवर चिरते. बोटानं दाबून सोडल्यावर ती लगेच वर आली नाही तर तिचं आयुष्य संपलं असं समजावं.

पण रबर हा एकच संशयित नाही. टेललाइट बॉडीला जिथं बसतात तिथं त्यांच्यामागं फोमची पातळ गादी असते, ती वाळून तिचा भुगा होतो. छताच्या कडेनं जी काळी पट्टी जाते, तिच्याखाली दोन पत्र्यांचा सांधा असतो आणि त्यातलं सीलर म्हातारपणी तडकतं. मागच्या वायपरची दांडी काचेतून किंवा पत्र्यातून बाहेर येते तिथलं रबरी बूच, दरवाजाच्या बिजागऱ्यांचे बोल्ट, वरच्या ब्रेकलाइटची चौकट, हौसेनं बसवलेल्या स्पॉयलरचे किंवा कॅरियरचे स्क्रू, अँटेनाचं भोक, मागच्या काचेचं रबर. छतापासून दरवाजात वायरी नेणारी रबरी नळी तर दरवाजा उघड-झाक करताना रोज वाकते आणि एका जागी फाटते. बंपरच्या मागं, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्यांची पातळ पानं तुटली की चाकानं उडवलेलं पाणी सरळ आत.

आणि गाडीला मागून कधी ठोकर बसली असेल, तर तिथूनच सुरुवात करावी. डेंट काढून, लांबी भरून, रंग मारून गाडी चकाचक होते, पण आतल्या सांध्यांना सीलर पुन्हा लावायचं बऱ्याच ठिकाणी राहून जातं. वरून कितीही बघितलं तरी ते कळत नाही.

शोध: कोरडं करा, मग खालून वर पाणी सोडा

ओल्या डिकीत गळती शोधता येत नाही. स्टेपनी, जॅक, चटई, नमदा सगळं बाहेर काढावं. बाजूची प्लॅस्टिकची कव्हरं क्लिपांवर बसलेली असतात. जुन्या क्लिपा तुटतात म्हणून हळू ओढावीत, आणि तुटल्याच तर जीव जाळू नये, त्या सुट्या मिळतात. पत्रा फडक्यानं पुसून एक दिवस दरवाजा उघडा ठेवून वाळवावा. पाणी जिथून ओघळत आलं तिथं पत्र्यावर मातकट रेघ किंवा पांढुरका डाग राहिलेला असतो. त्या रेघेचा वरच्या दिशेनं माग काढला तर निम्मं काम तिथंच होतं.

मग दोन माणसं लागतात. एक मोठं माणूस टॉर्च घेऊन आत बसतं, दुसरं बाहेर पाइप घेऊन. लहान पोराला आत बसवू नये. मागचा दरवाजा आतून सहसा उघडत नाही, म्हणून बाजूचं एक दार लॉक न करता ठेवावं. पाइपाला नोझल लावू नये, धार मंद असावी. सुरुवात खालून करावी. आधी बंपरच्या आसपास, मग टेललाइट, मग दरवाजाच्या बाजू, मग काच, बिजागऱ्या आणि शेवटी छताचा सांधा. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबावं, कारण पाण्याला आतून फिरून दिसायला वेळ लागतो.

खालून वर जायचं कारण असं, की छतावरून पाणी ओतलं तर एकदम सगळंच भिजतं आणि थेंब कुठल्या भोकातला ते कळायला मार्ग राहत नाही. खालून सुरू केलं तर ज्या पायरीवर आत पहिला थेंब दिसला, ती जागा नक्की. आतल्या माणसानं संशयाच्या जागांखाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवावेत. कागदावर पहिला ठिपका कुठं उमटला ते लगेच दिसतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र या कामाला वापरू नये, त्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि भलतीच जागा दोषी ठरते.

रबर नीट दाबतंय का हे बघायला पाणीसुद्धा लागत नाही. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढावी. सगळीकडं सारखी घट्ट लागली पाहिजे. जिथं ती सरकन निघून येते, तिथं रबर टेकतच नाही. दुसरा उपाय टाल्कम पावडरचा. रबराला सगळीकडून पावडर लावायची, दरवाजा एकदा बंद करून उघडायचा. दरवाजाच्या पत्र्यावर पावडरीची अखंड रेघ उमटली तर ठीक. रेघ तुटली असेल तर तिथं फट आहे.

एवढं करूनही सापडलं नाही तर गाडीच्या सगळ्या काचा लावून, बाहेरची हवा आत घेणारी सेटिंग करून ब्लोअर पूर्ण सोडावा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवावं. जिथं बारीक बुडबुडे येतील तिथून हवा बाहेर पडतेय, म्हणजे तिथून पाणी आत येऊ शकतं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तोच हा प्रकार. यासाठी इंजिन चालू ठेवायची गरज पडली तर गाडी उघड्यावर असावी, बंद शेडमध्ये नाही.

पाऊस नसताना, मागच्या काचेवर पाणी मारायचं बटण दाबल्यावरच आत ओलावा येत असेल तर शोध तिथंच संपला. छताच्या अस्तरामागून वायपरच्या पाण्याची बारीक नळी गेलेली असते, ती सुटली किंवा चिरली आहे.

दुरुस्तीत आधी काय, नंतर काय

रबर टेकत नाही पण अजून मऊ आहे, अशी परिस्थिती असेल तर नवीन रबर आणायची घाई नको. दरवाजाचं लॉक चौकटीवरच्या ज्या कडीत अडकतं, ती कडी दोन बोल्टांवर असते आणि थोडी मागंपुढं सरकते. आधी पेननं तिच्याभोवती खूण करून घ्यावी, बोल्ट ढिले करावेत, कडी गाडीच्या आतल्या बाजूला अगदी काडीभर सरकवावी आणि पुन्हा आवळावी. दरवाजा जरा जोरानं लावावा लागला पाहिजे, पण दणका घालायची वेळ येऊ नये. दरवाजाच्या कडेला जे रबरी ठोकळे असतात, तेही बऱ्याच गाड्यांत फिरवून आत-बाहेर करता येतात. खडबडीत रस्त्यावर मागचा दरवाजा खडखडत असेल तर दोष बहुधा इथंच आहे. बोलेरोसारख्या गाडीत मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि स्टेपनीचं सगळं वजन त्याच्यावर असतं. तिथं बिजागरी झिजून दरवाजा लॉकच्या बाजूनं खाली लोंबतो आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. अशा गाडीला नुसतं रबर बदलून उपयोग नाही, आधी बिजागरी बघावी.

रबर बदलायचंच ठरलं तर भंगारातल्या गाडीचं आणू नये. ते आधीच दुसऱ्या दरवाजाखाली दबून चपटं झालेलं असतं, म्हणजे जुनं काढून जुनंच घालायचं. नवीन रबर त्या मॉडेलचंच घ्यावं. जुनं ओढून काढलं की खालच्या पत्र्याची कड गंजलेली दिसेल. ती पॉलिश पेपरनं घासून, प्राइमर आणि रंग लावून वाळू द्यावी. नवीन रबराचा जोड खालच्या बाजूला मध्यभागी यावा, वर आला तर पाणी बरोबर त्याच जोडातून शिरतं. आधी चारी कोपरे बसवावेत, मग मधला भाग तळव्यानं ठोकत जावं. रबर ताणून बसवायचं नाही. ताणलेलं रबर चार महिन्यांत आकसतं आणि जोडाजवळ फट पडते. शेवटी थोडं जास्त वाटलं तर लगेच कापू नये, ते दाबून बसतं का बघावं.

रबराला चमक यावी म्हणून डिझेल, रॉकेल किंवा जुनं ऑइल पुसायची काही जणांची सवय असते. ती मोडावी. खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि सैल पडतं. साबणाच्या पाण्यानं पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीनचा हलका हात फिरवला तर ते मऊ राहतं.

टेललाइटचं काम त्याहून सोपं. आतल्या बाजूनं नट काढले की लाइट बाहेर येतो. जुना फोम खरवडून काढायचा, पत्रा पुसून कोरडा करायचा आणि काळी चिकट ब्युटिल टेप सगळीकडून अखंड लावून लाइट परत बसवायचा. नट आवळताना जोर लावू नये, प्लॅस्टिकचे खुंट मोडतात. लाइटच्या खालच्या बाजूला बारीक छिद्र असेल तर ते बुजवायचं नाही, आतला दमटपणा तिथूनच बाहेर पडतो.

वायरीची फाटलेली रबरी नळी टेप गुंडाळून भागवू नये. नळी फाटली तिथं आतल्या वायरींचं प्लॅस्टिकही चिरलेलं असतं. ते आधी वायरमनकडून बघून घ्यावं, नाहीतर पाणी थांबेल पण शॉर्ट राहील.

आता सिलिकॉन. छताच्या सांध्याला, बिजागरीच्या बोल्टांना, स्पॉयलरच्या स्क्रूंना सीलर लागतंच, पण कुठलंही नाही. बाथरूमच्या टाइलला वापरतात त्या साध्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास आम्लाचा असतो आणि उघड्या पत्र्याला ते आम्ल गंज आणतं. पाणी थांबलं म्हणून मालक खूश आणि खाली पत्रा सडतोय, असं होतं. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही, त्यामुळं पुढं पेंटरनं काम घ्यायला नकार दिला तर त्याचा दोष नसतो. नळीवर न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन किंवा गाडीच्या बॉडीसाठीचं पीयू सीलर मागावं. पीयूवर रंग बसतो. एम-सीलसारखा दगडी लुकण सांध्यावर टिकत नाही. गाडी खड्ड्यातून जाताना पत्रा हलतो, लुकण हलत नाही, मग ते तडकतं.

छताच्या सांध्याचं काम असं. काळी पट्टी उचलायची, तडकलेलं जुनं सीलर टोकदार लाकडानं किंवा प्लॅस्टिकनं पूर्ण खरवडून काढायचं, गंज घासायचा, प्राइमर लावून वाळवायचा आणि मग नवीन सीलर भरून बोटानं दाबत न्यायचं. जुन्यावर नवीन थापलं तर नवीन जुन्याला चिकटतं आणि जुनं पत्र्याला चिकटलेलंच नसतं. या कामाला पत्रा पूर्ण कोरडा हवा. भर पावसाळ्यात तेवढी उघडीप मिळत नसेल तर सांधा पुसून त्यावर रुंद चिकटपट्टी मारून वेळ काढावी आणि पक्कं काम गणपतीनंतर ऊन पडल्यावर करावं. मागची काच रबरात बसवलेली नसून थेट चिकटवलेली असेल आणि पाणी तिच्या कडेनं येत असेल, तर ते काचवाल्याचंच काम आहे. घरी काच सैल करायच्या भानगडीत पडू नये.

एक सल्ला गावोगाव मिळतो आणि तो चुकीचा आहे. स्टेपनीखाली ड्रिलनं भोक पाड, पाणी आपोआप निघून जाईल! पाणी निघून जातं हे खरं, पण त्याच भोकातून खालचा चिखल, धूळ आणि धूर वर येतो, आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेला महिन्याभरात गंज लागतो. बऱ्याच गाड्यांत त्या खळग्यात आधीपासून रबरी बूच असतं. साठलेलं पाणी काढायला ते उपसावं आणि परत घट्ट बसवावं. दरवाजाच्या अगदी खालच्या कडेला जी बारीक छिद्रं दिसतात, ती मात्र उघडीच हवीत. दरवाजाच्या पोटात शिरलेलं पाणी तिथून निथळतं. दरवाजा वर उचलताना आतून डचमळल्याचा आवाज आला किंवा अंगावर पाणी सांडलं, तर ती छिद्रं चिखलानं बुजली आहेत. काडीनं मोकळी करावीत.

डिकीत गॅसची टाकी असेल तर

सीएनजी बसवलेल्या गाड्यांत टाकी डिकीत असते आणि पाइप खाली नेण्यासाठी तळाला भोकं पाडलेली असतात. पाणी तिथूनही येतं. पण इथं हात आखडता घ्यावा. त्यातली काही नळी गळालेला गॅस गाडीबाहेर सोडण्यासाठीच ठेवलेली असते. ती सिलिकॉननं बुजवली तर गळालेला गॅस डिकीतच कोंडतो. टाकी सैल करणं, सरकवणं हेही घरी करायचं काम नाही. टाकीवर किंवा तिच्या पट्ट्यांवर गंज दिसला तर गाडी अधिकृत सीएनजी फिटरकडं न्यावी. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी राहिली असेल तर तीही त्याच वेळी करून घ्यावी.

पत्रा सडला असेल तर

गळती थांबली तरी आत राहिलेलं पाणी आपोआप जात नाही. नमदा दोन-तीन दिवस उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण वाळवूनच परत घालावा. पत्र्यावर वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड प्राइमर आणि वर रंग पुरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं जरा दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर तो तुकडा कापून नवीन जोडावा लागेल. वेल्डिंगला गाडी नेताना मिस्त्रीला एक गोष्ट आठवणीनं सांगावी: बहुतेक छोट्या गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला, पत्र्याखाली असते. टाकी उतरवल्याशिवाय आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय तिथं वेल्डिंगची ठिणगी पडता कामा नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. इंजिनचा आवाज सगळेच ऐकतात, स्टेपनी उचलून बघत फार थोडे. खळग्यात एका कोपऱ्यात गंज आणि वरून खाली आलेले ओघळ असतील तर ती रबर-सांध्याची गळती आहे. भाव पाडून गाडी घ्यायला हरकत नाही. पण चारी बाजूंनी एकाच उंचीवर गंजाची रेघ असेल, सीटच्या बोल्टांच्या खाचांत आणि सीटबेल्टच्या गुंडाळीत बारीक गाळ सापडला, तर ती गाडी पाण्यात बुडालेली असण्याची शक्यता आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यात ही शंका आधी घ्यायला हवी.

दुरुस्ती झाल्यावर पहिले दोन मोठे पाऊस होईपर्यंत चटई घालू नये. खळग्यात कोरडं वर्तमानपत्र अंथरून ठेवावं आणि दर पावसानंतर बघावं. गाडी एकदा तोंड उताराला करून आणि एकदा चढाला करून उभी करावी, कारण काही गळत्या गाडी एका बाजूला कलल्याशिवाय दिसतच नाहीत. मागच्या सीटखालीही हात घालून बघावा. गाडी उताराला तोंड करून उभी राहिली असेल तर डिकीतलं पाणी सरकून तिथं जमतं.